नवं पेडल घेण्याआधी : इलेक्ट्रिक गिटारचा टोन बसवण्याची कृती

चला, गिटार घ्या आणि बसा. आज टोन बसवायचा आहे, आणि तोही दुकानाची पायरी न चढता. तारांचा एक संच आणि दोन-तीन पिकं सोडली तर बाकी सगळं तुमच्या घरातच आहे. अट एकच: क्रम मोडायचा नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन नॉब एकदम फिरवले की फरक कशाने पडला ते कळत नाही, आणि मग माणूस रात्री दोन वाजता पेडलांच्या जाहिराती बघत बसतो.

मापं स्ट्रॅटोकास्टर धर्तीच्या, तीन सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारची दिली आहेत. हम्बकर असतील तर वेगळं माप त्या त्या ठिकाणी सांगेन.

साहित्य: गिटार, अँप, तीन मीटरची बरी केबल, तारांचा नवा संच, तीन जाडींची पिकं, ट्यूनर, छोटा स्क्रूड्रायव्हर, सॅडलना बसणारी अ‍ॅलन की, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड, मोबाइल, वही-पेन. वेळ: रविवारची मोकळी दुपार. शेजाऱ्यांची झोपेची वेळ तेवढी टाळा.

आधी गिटार

१. हवा तो टोन वहीत लिहा. आवडीच्या गाण्यातला, गिटार एकटीच वाजते असा पंधराएक सेकंदांचा तुकडा शोधा आणि काय ऐकू येतंय ते साध्या शब्दांत उतरवा. सूर चटकन विझतो की लांबतो? स्वच्छ आहे की फाटतो? पिकचा टोचरा आवाज येतो की कडा गोल आहेत? सावधान: ‘भारी’, ‘उबदार’, ‘कडक’ हे शब्द लिहू नका, त्यांचा नॉब कुठल्याच अँपवर नसतो. आणि बेस-ड्रम्ससकट ऐकलेला भाग निवडू नका. ज्याला तुम्ही गिटारचा जाडपणा समजता, तो बऱ्याचदा बेस गिटारचा असतो.

२. सगळी पेडलं काढून कपाटात ठेवा. ‘फक्त रिव्हर्ब राहू दे’ चालणार नाही.

३. जुन्या तारा बदला, एक काढा की लगेच नवी लावा. सावधान: सहाही एकदम काढल्या तर ट्रेमोलोचा ब्रिज मागे बसतो आणि परत जागेवर आणता आणता संध्याकाळ होते. आज जाडीही बदलू नका. नाइन्स होत्या तर नाइन्सच, टेन्स होत्या तर टेन्सच. जाडी बदलली की ताण बदलतो आणि नेकपासून ब्रिजपर्यंत सगळंच नव्याने लावावं लागतं. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर दमट हवेत तारा लवकर गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून ठेवायची सवय लावा.

४. नवी तार ताणून घ्या. बाराव्या फ्रेटपाशी तार चिमटीत धरून हळूच वर ओढा, सोडा, पुन्हा सुरात लावा. ओढल्यावर सूर उतरायचा थांबेपर्यंत हे करत राहा. सावधान: बारीक ई आणि बी जपून ओढा, तुटली तर डोळ्याशी येते.

५. गिटार सुरात लावा, ट्यूनर ए ४४० वर ठेवून. सावधान: सूर नेहमी खालून वर चढवत आणा. वर निघून गेला तर पुरता खाली उतरवा आणि पुन्हा चढवा. वरून खाली येऊन थांबलेली तार पहिल्याच बेंडला उतरते.

६. नेकचा वाक तपासा. जाड ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा, नेक जिथे गिटारच्या अंगाला मिळते तिथे दुसऱ्या हाताने, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली फट किती आहे ते बघा. पाव मिलिमीटर हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट मोठी असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, फटच नसेल तर उलट. सावधान: एका वेळी फक्त पाव फेरा, मग पुन्हा सुरात लावून बघा. रॉड घट्ट वाटला तर जोर करू नका, सरळ कारागिराकडे न्या. पावसाळ्यात आणि मे महिन्यात वाक थोडा बदलतोच, घाबरायचं कारण नाही.

७. तारांची उंची लावा. पहिल्या फ्रेटवर तार दाबून ठेवा आणि सतराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. दीड मिलिमीटरच्या किंचित वर, म्हणजे १.६ च्या आसपास असेल तर झकास. सावधान: बोटांना सोपं म्हणून तार फार खाली आणू नका. ती फ्रेटना घासून झणझणते, सूर मध्येच गळपटतो आणि दोष अँपला दिला जातो. आवाज मरगळलेला वाटत असेल तर सॅडलचे पेच अर्धा फेरा वर घेऊन बघा. हा फुकटचा फरक अनेकांनी कधी ऐकलेलाच नसतो.

८. इंटोनेशन लावा. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर ट्यूनरवर एकाच जागी दिसायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल नेकपासून दूर, उतरता असेल तर नेककडे. सावधान: सॅडल सरकवताना तार सैल करा आणि प्रत्येक वेळी नव्याने सुरात लावूनच तपासा. बोट जोरात दाबलं तर सूर आपोआप चढा दिसतो, तेव्हा एरवी वाजवता तेवढंच दाबा.

९. पिकअपची उंची लावा. इथे घाई करू नका, सबंध कृतीतली ही सर्वांत कामाची पायरी आहे. जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि पिकअपच्या लोखंडी टोकापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा: २ मिलिमीटर. बारीक ईच्या बाजूला १.६. हम्बकर असतील तर नेकचा २.४ आणि ब्रिजचा १.६ ठेवून सुरुवात करा. बाजूचा पेच घड्याळाच्या दिशेने फिरवला की पिकअप वर येतो. आता अँप मंद लावून ऐका. वर आणला की आवाज मोठा, जाड आणि जरा दाटीवाटीचा होतो. खाली नेला की आवाज कमी होतो, पण कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी ऐकू येते. अर्धा फेरा फिरवा, तोच तुकडा वाजवा, पुन्हा अर्धा फेरा. शेवटी सिलेक्टर इकडून तिकडे करून बघा. नेकचा पिकअप मुळातच जास्त बोलतो, म्हणून ब्रिजच्या बरोबरीला येईपर्यंत त्याला खाली उतरवा. सावधान: सिंगल कॉइल फार वर आणला तर त्यातलं चुंबक तार ओढतं. जाड तारांवर बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर लाटेसारखा हलायला लागला, एकाच तारेतून दोन सूर आल्यासारखे वाटले, तर इंटोनेशनच्या मागे लागू नका. पिकअप खाली घ्या, गडबड थांबेल.

आता अँप

१०. अँपची पिन तीन पायांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा. सावधान: अमेरिकेहून कुणी आणलेला १२० व्होल्टचा अँप आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलात तर तो त्याच क्षणी संपला, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. व्हॉल्व्हचा अँप असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय बटण दाबू नका. आणि तारांना हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा, पिन काढा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. टोन उद्या बसवता येईल.

११. गिटार गळ्यात घालून जागच्या जागी हळूहळू फिरा. सिंगल कॉइलची घूं घूं एका दिशेला बरीच कमी होते. तीच आजची तुमची दिशा. सावधान: तरीही आवाज मोठाच असेल तर दिव्याचा डिमर आणि मोबाइलचा चार्जर बंद करून बघा. तारांना हात लावला की घूं घूं कमी होते, हे मात्र बिघाडाचं लक्षण नाही.

१२. अँप खुर्चीवर ठेवा, स्पीकर कानाकडे रोखून. जमिनीवरचा अँप पोटऱ्यांना ऐकवत असतो. वर उभ्या माणसाला ट्रेबल कमी वाटतो म्हणून तो वाढवत नेतो, आणि समोर बसलेल्यांचे कान सोलून निघतात. सावधान: डुगडुगती खुर्ची नको, आणि अँप कोपऱ्यात भिंतीला चिकटवू नका, बेस विनाकारण फुगतो.

१३. गिटारवरचे सगळे नॉब दहावर न्या.

१४. अँपवर क्लीन चॅनल निवडा आणि बेस, मिडल, ट्रेबल तिन्ही मध्यावर ठेवा, रिव्हर्ब शून्यावर. सावधान: तिन्ही मध्यावर म्हणजे ‘मूळ आवाज’ असं समजू नका. बऱ्याच अँपमध्ये तेव्हाही मिडल दबलेलाच असतो. ही फक्त निघायची जागा आहे.

१५. व्हॉल्यूम खरोखर वाजवणार तेवढा करा. बाजूच्या माणसाशी बोलताना आवाज जरा चढवावा लागेल, इतपत बस. सावधान: रात्री कुजबुजत्या आवाजात लावलेला टोन स्टेजवर तसाच नेऊ नका. हळू आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी वाटतात, म्हणून आपण ते वाढवून ठेवतो. आवाज मोठा केला की बेस घुमतो आणि ट्रेबल टोचतो.

१६. पहिल्या पायरीतला तुकडा तीन पिकांनी वाजवा: ०.६० मिलिमीटर, ०.७३ आणि १ मिलिमीटर. पातळ पिकाने कॉर्ड चमचमतात आणि सुरात पिकचा टक् असा आवाज मिसळतो. जाड पिकाने एकेक सूर भरीव येतो. क्वीनचा ब्रायन मे तर पिकऐवजी सिक्सपेन्सचं नाणं वापरतो, तेव्हा हा पिकचा मामला हलका समजू नका. सावधान: तिन्ही पिकं एकाच पकडीने धरा. पकड बदलली की पिकची परीक्षा होतच नाही.

१७. आता तोच तुकडा ब्रिजजवळून सुरू करून नेककडे सरकत वाजवा. ब्रिजपाशी आवाज बारीक आणि धारदार, नेकपाशी गोल. बोटभर अंतराने केवढा फरक पडतो ते ऐका आणि जिथे पटेल ती जागा लक्षात ठेवा. सावधान: तळवा ब्रिजच्या पुढे तारांवर टेकला तर सूर दबतो आणि तुम्ही उगीच ट्रेबल वाढवाल.

१८. मिडलचा नॉब शून्यापासून दहापर्यंत सावकाश फिरवा. मित्राला किंवा घरातल्या कुणाला नॉबवर बसवा आणि तुम्ही वाजवत राहा. एका हाताने वाजवत दुसऱ्याने फिरवणं जमत नाही. शून्यावर आवाज एकदम ‘रेकॉर्डसारखा’ आणि मोठा वाटेल, भुलू नका. हाच आवाज बँडमध्ये गायब होतो, कारण खालची जागा बेस आणि किक ड्रम घेतात, वरची झांजा घेतात, आणि गिटारला उरते ती मधलीच. ती जागा स्वतःच सोडून दिल्यावर मग ‘मला ऐकूच येत नाही’ म्हणत सगळे व्हॉल्यूम वाढवतात. एकट्याने ऐकताना थोडासा नाकात बोलल्यासारखा वाटेल, तिथपर्यंत मिडल न्या. सावधान: तुमच्या छोट्या अँपवर मिडलचा नॉबच नसेल तर बेस आणि ट्रेबल दोन्ही खाली घ्या आणि व्हॉल्यूम वाढवा, तेच काम होतं.

१९. ट्रेबल लावा. बारीक ई तारेवर बाराव्या फ्रेटच्या वरचा सूर वाजवा. कानाला टोचला तर खाली.

२०. बेस लावा. जाड ई उघडी वाजवा. टेबलावरचा चमचा थरथरला तर बेस जास्त आहे. सावधान: एकट्याला आवडेल त्याहून थोडा कमीच ठेवा, बँडमधला बेसवाला दुवा देईल.

२१. गेन वाढवा. क्लीन चॅनलला गेनचा नॉब नसेल तर आधी ड्राइव्हच्या चॅनलवर जा. पूर्ण कॉर्ड धरून वाजवत वाढवत न्या, आवाज फाटून सगळ्या तारांचा एक गोळा झाला की थांबा. मग मागे या, कॉर्डमधली प्रत्येक तार पुन्हा वेगळी ऐकू येईपर्यंत. तिथेच ठेवा. बोटांखाली हा गेन कमी वाटेल, बाहेर पुरेसा असतो. रेकॉर्डवरच्या जाड आवाजात बऱ्याचदा दोन-दोन वेळा वाजवून एकमेकांवर चढवलेल्या गिटारी असतात. तो जाडपणा एकट्या गेनने आणायला गेलात तर हाती नुसती खरखर येते. सावधान: जास्त गेनमध्ये सोपं वाजवल्यासारखं वाटतं, कारण जोरात आणि हळू मारलेला सूर सारखाच येतो. हातातलं जोर-हळू ऐकू येत नसेल तर गेन अजून उतरवा.

२२. गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणा. ऐका: फाटलेला आवाज आपोआप स्वच्छ होतो. म्हणजे सातवर गाण्याची साथ आणि दहावर सोलो, पेडल न दाबता. सावधान: कमी करताच आवाजावर गोधडी पांघरल्यासारखं झालं तर व्हॉल्यूमच्या नॉबवर ट्रेबल ब्लीडचा छोटा कपॅसिटर लावून घ्या. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. डाग देणारा हात मात्र सरावाचा हवा.

२३. ब्रिज पिकअपवर टोनचा नॉब दहावरून सहाकडे आणा. बरेच जण हा नॉब आयुष्यभर दहावर ठेवून ब्रिज पिकअपला शिव्या देतात. सावधान: काही स्ट्रॅटमध्ये ब्रिज पिकअपला टोनचा नॉब जोडलेलाच नसतो. फिरवून काहीच फरक पडला नाही तर गिटार बिघडलेली नाही, ट्रेबल अँपवर उतरवा.

ऐकून बघा

२४. मोबाइल दीड-दोन मीटरवर ठेवून तुकडा रेकॉर्ड करा. सावधान: मोबाइल स्पीकरच्या तोंडाशी ठेवला तर माइक ओव्हरलोड होतो आणि नसलेली खरखर ऐकू येते.

२५. ड्रम्स आणि बेसच्या बॅकिंग ट्रॅकवर वाजवून पुन्हा रेकॉर्ड करा. सावधान: गिटार ऐकू आली नाही तर व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. अठराव्या पायरीवर परत जा.

२६. नॉबचे फोटो काढा.

२७. आज इथेच थांबा. तासभर एकच तुकडा ऐकून कान थकलेले असतात आणि थकलेला कान ट्रेबल मागतो. उद्या सकाळी चहा घेताना रेकॉर्डिंग ऐका आणि वहीतल्या ओळीशी ताडून बघा.

मग पेडल

२८. कपाटातलं एकच पेडल बाहेर काढा, शक्यतो ओव्हरड्राइव्ह. सावधान: अ‍ॅडॉप्टरवर बघा, ९ व्होल्ट, मधलं टोक ऋण, आणि पेडलला लागतात तितके तरी मिलिअँपिअर. जास्त असले तर चालतात. व्होल्ट जास्त किंवा टोकं उलटी असली तर पेडल जळू शकतं.

२९. ड्राइव्ह अगदी खाली, लेव्हल वर, टोन मध्यावर ठेवा आणि आधीच थोड्या फाटणाऱ्या अँपला ढकला. ट्यूब स्क्रीमर धर्तीच्या पेडलची खरी मजा इथे आहे. बेस आवळतो, मिडल पुढे येतो आणि सोलो उठून दिसतो. सावधान: ड्राइव्ह आणि अँपचा गेन दोन्ही वर नेलेत तर एकविसावी पायरी वाया गेली.

३०. पेडल चालू-बंद करून दोन्हीकडचा आवाज सारखा करा आणि मगच पेडल चांगलं की वाईट ते ठरवा. सावधान: मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. पेडल विकणाऱ्यालाही हे माहीत असतं.

३१. बाकीची पेडलं एकेक करून या क्रमाने जोडा: ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस-फेझर, डिले, रिव्हर्ब. प्रत्येकापाशी तिसावी पायरी पुन्हा करा. सावधान: डिस्टॉर्शन अँपमधूनच घेत असाल तर डिले आणि रिव्हर्ब अँपच्या मागच्या एफेक्ट्स लूपमध्ये लावा, नाहीतर प्रतिध्वनीही फाटतो आणि सगळा चिखल होतो. एखादं पेडल लावून वहीतल्या ओळीच्या जवळ गेल्यासारखं वाटत नसेल तर ते परत कपाटात.

एवढं करूनही टोन वहीतल्या ओळीपासून लांबच असेल तर खुशाल पैसे खर्च करा, पण आधी स्पीकरवर, मग पिकअपवर आणि पेडलवर सगळ्यांत शेवटी. स्पीकर बदलताना ओहम जुन्याइतकेच घ्या, वॉट जुन्यापेक्षा कमी घेऊ नका. आणि दुकानात जाल तेव्हा स्वतःची गिटार आणि स्वतःचं पिक घेऊन जा. तिथल्या महागड्या गिटारवर आणि मोठ्या अँपवर छान वाजलेली वस्तू तुमच्या घरी तशीच वाजेल, असं दुकानदारही लिहून देत नाही.